घरपट्टीवर उभी असलेली शाळा

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत सरकारी शाळेंत मूल घालण्यास फी पडत नाहीं, पुस्तकें बहुधा शाळाच पुरविते, आणि दूर राहणाऱ्या मुलांस नेण्याआणण्यासाठीं पिवळी मोटार येते, हें आमच्या बहुतेक वाचकांनीं ऐकलेलें असेल. ज्यांचे मुलगे, जांवई किंवा पुतणे नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झाले आहेत, त्यांच्या कानावर आणखीहि एक गोष्ट आली असेल. ती ही कीं, तेथें घर घेण्यास निघालेला पोरवडा गृहस्थ घराची मजबुती पाहण्यापूर्वीं तें घर कोणत्या शाळेच्या हद्दींत पडतें याची चौकशी करितो. रस्त्याच्या अलीकडचें घर आणि पलीकडचें घर यांच्या लाकूडसामानांत कांहींएक फरक नसला, तरी मधून शाळेची हद्द जात असल्यास दोहोंच्या किंमतींत मोठी तफावत पडते. व्यापारी मनुष्यास याचा अर्थ फोड करून सांगण्याचें कारण नाहीं. शाळेच्या दारांत जी फी घेतली जात नाहीं, ती खरेदीखतांत भरून घेतली जाते. आणि ज्याच्यापाशीं तेवढी ऐपत नाहीं, त्याचें मूल विनामूल्य शिक्षणाच्या त्या देशांत हद्दीबाहेरच्या शाळेंत जातें.

ही स्थिति कां उत्पन्न झाली हें पाहण्यास त्या देशाची जमाखर्चाची वही उघडली पाहिजे. शाळांचा कारभार तेथें मध्यवर्ती सरकार पाहत नाहीं. लहानमोठीं सुमारें तेरा हजार शाळा-मंडळें देशभर पसरलेलीं आहेत. त्यांस तिकडे ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ म्हणतात. बहुतेक मंडळांवरील सभासद लोक स्वतः निवडून देतात. एकंदर खर्चापैकीं स्थूलमानानें निम्म्याच्या आंतबाहेर रक्कम राज्यसरकारें देतात, जवळजवळ तितकीच स्थानिक उत्पन्नांतून येते, आणि मध्यवर्ती सरकारचा हिस्सा सामान्यतः दहांत एक इतकाच किंवा त्याहूनहि कमी असतो. हें स्थानिक उत्पन्न म्हणजे मुख्यत्वें घरपट्टी, म्हणजे घरें, दुकानें, कारखाने व जमिनी यांच्या किंमतीवर बसविलेला कर. ज्या गांवांत मिळकती भारी, त्या गांवास थोड्या दरानें पुष्कळ पैसा मिळतो. ज्या गांवांत झोपड्या व जुनीं घरें, त्यानें दर कितीहि चढविला तरी तिजोरींत खुर्दाच पडतो. राज्याराज्यांतील अंतर तर याहूनहि डोळ्यांत भरणारें आहे. २०२२ सालच्या हिशोबाप्रमाणें न्यूयॉर्क राज्यांत दर विद्यार्थ्यामागें तीस हजार डॉलरांच्या घरांत खर्च झाला, आणि युटा व आयडाहो या राज्यांत तो दहा हजारांच्याहि खालीं राहिला.

या व्यवस्थेची निंदा करण्यापूर्वीं तिच्यांतील चांगुलपणा मान्य करणें न्याय्य होईल. ती कोणा दुष्टानें बसून रचलेली नाहीं. १६४७ सालीं मॅसॅच्युसेट्स वसाहतीनें असा कायदा केला कीं, ज्या गांवांत पन्नास कुटुंबें असतील त्यानें लिहिणें-वाचणें शिकविणारा एक पंतोजी ठेवावा, व शंभर कुटुंबें झाल्यास व्याकरणशाळा काढावी. राज्यसत्ता दूर व दुबळी, रस्ते नाहींत, अशा काळीं गांवानेंच गांवचीं मुलें शिकवावीं याखेरीज दुसरा मार्ग नव्हता. पुढें १८३७ सालीं त्याच मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षणमंडळाचे पहिले चिटणीस होरेस मॅन यांनीं श्रीमंत व गरीब यांचीं मुलें एका बांकावर बसवून सार्वजनिक खर्चानें शिकविण्याची चळवळ चालविली. ज्याला मूलबाळ नाहीं त्या म्हाताऱ्यानेंहि शेजाऱ्याच्या मुलाच्या शाळेसाठीं कर द्यावा, हें तत्त्व त्या लोकांनीं आपल्या खिशास झीज लावून मान्य केलें. लोक आपल्या डोळ्यांसमोर आपला पैसा खर्च होतांना पाहतात, मंडळाच्या सभेंत उभे राहून सभासदांस जाब विचारतात, शाळेच्या मैदानावर सारा गांव जमतो. अशी आपलेपणाची भावना केवळ वरून हुकूम सुटल्यानें उत्पन्न होत नाहीं. आमच्याकडील ज्या शाळांस गांवचा आधार नाहीं, त्यांची कळा पाहिलेल्या मनुष्यास हा लाभ लहान वाटणार नाहीं.

परंतु ‘आपला गांव’ म्हणजे किती मोठा, हा प्रश्न मॅनसाहेबांच्या काळीं जितका सोपा होता तितका पुढें राहिला नाहीं. गांवांत सावकारहि राहत होता व मोलकरीहि राहत होता, तोंवर दोघांच्या घरपट्टीची एकच थैली होती. रेल्वे आणि मोटारी झाल्यावर सावकार शहराबाहेर जाऊन स्वतंत्र गांव करून राहूं लागला, आणि आपली थैली त्यानें बरोबर नेली. कुंपण तेंच राहिलें. त्याच्या आंतलीं माणसें मात्र एका जातीचीं झालीं.

याचें अत्यंत स्पष्ट उदाहरण टेक्सास राज्यांतील सान अँटोनियो शहरांत घडलें. तेथील एजवुड नामक शाळा-मंडळांत सुमारें बावीस हजार मुलें होतीं व त्यांतील शेंकडा नव्वद मेक्सिकन वंशाचीं होतीं. त्याच शहरांत अलामो हाइट्स नांवाचें दुसरें मंडळ, श्रीमंत व बहुतांशीं गोऱ्या वस्तीचें. तेथें मुलें अवघीं पांच हजार. १९६७–६८ सालचे आंकडे पुढें सुप्रीम कोर्टाच्या निकालपत्रांतच नमूद झाले, तेव्हां त्यांबद्दल शंका घेण्याचें कारण नाहीं. एजवुडमध्यें दर मुलामागें करपात्र मिळकत होती ५,९६० डॉलरांची; अलामो हाइट्समध्यें ४९,००० डॉलरांहून अधिक. एजवुडचे लोक शंभर डॉलरांच्या मिळकतीवर एक डॉलर पांच सेंट दरानें कर देत होते, आणि हा दर त्या सबंध शहरभागांत सर्वांत चढा होता. अलामो हाइट्सचा दर होता अवघा पंचाऐशीं सेंट. राज्याच्या सामाईक योजनेंतील आपला ठरीव वांटा देऊन झाल्यावर एजवुडच्या हातीं दर मुलामागें राहिले २६ डॉलर. अलामो हाइट्सच्या हातीं राहिले ३३३. राज्याची मदत दोघांस जवळजवळ सारखीच, म्हणजे एकास २२२ व दुसऱ्यास २२५. मध्यवर्ती सरकारनें एजवुडला १०८ व अलामो हाइट्सला ३६ दिले, तरीहि एकूण बेरीज एकीकडे ३५६ आणि दुसरीकडे ५९४ झाली. ज्यानें अधिक दरानें कर दिला त्याच्या मुलास कमी मिळालें, व ज्यानें कमी दरानें दिला त्याच्या मुलास अधिक मिळालें. पेढीवर असा हिशोब कारकुनानें मांडला असता, तर मालकानें त्यास त्याच दिवशीं घरीं पाठविलें असतें.

१९६८ च्या मे महिन्यांत एजवुड हायस्कुलांतील सुमारें चारशें विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर पडले. इमारती मोडकळीस आलेल्या, शिकविणारे पुष्कळजण पात्रतेच्या दाखल्यावांचूनचे, अशी त्यांची तक्रार होती. त्याच उन्हाळ्यांत देमेत्रियो रॉड्रिग्ज या पत्राकाम करणाऱ्या कारागिरानें इतर पालकांसह फिर्याद गुदरली. खालच्या कोर्टानें १९७१ सालीं त्यांच्या बाजूनें निकाल दिला. परंतु २१ मार्च १९७३ रोजीं सुप्रीम कोर्टानें पांच विरुद्ध चार मतांनीं तो फिरविला. बहुमताचें निकालपत्र न्यायमूर्ति लुइस पॉवेल यांनीं लिहिलें. हे गृहस्थ पूर्वीं रिचमंड शहराच्या शाळा-मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांच्या म्हणण्याचा इत्यर्थ असा कीं, शिक्षण हा मध्यवर्ती राज्यघटनेंत सांगितलेला मूलभूत हक्क नव्हे, आणि टेक्सासची पद्धति सदोष असली तरी स्थानिक लोकांच्या हातीं शाळांचा ताबा ठेवण्याचा तिचा हेतु असमंजस म्हणतां येत नाहीं. न्यायमूर्ति थरगुड मार्शल यांनीं याविरुद्ध सविस्तर भिन्न मत लिहिलें.

पॉवेल यांच्या युक्तिवादाचा आम्ही अनादर करीत नाहीं. पन्नास राज्यांच्या करपद्धति एका फटक्यासरशीं कोर्टानें उलथाव्या काय, ही त्यांची भीति अगदींच पोकळ नव्हती. परंतु ज्या ‘स्थानिक ताब्या’चें त्यांनीं रक्षण केलें, तो ताबा एजवुडपाशीं होता काय? ताबा म्हणजे निवड. अलामो हाइट्सचे लोक कर वाढवूं म्हटल्यास वाढवूं शकत होते, आणि न वाढवितांहि त्यांच्या शाळा उत्तम चालत होत्या. एजवुडनें तर दर शिगेस नेला होता. आतां निवडण्यास त्याच्यापुढें राहिलें काय? दोघांस बाजारांत जाण्याची मोकळीक आहे असें म्हणून एकाच्या हातीं रिकामी पिशवी देणें यास मोकळीक हें नांव शोभत नाहीं.

मिळकतीची ही विषम वांटणी केवळ उद्योग व आळस यांचें फळ आहे, असें कोणी म्हणेल तर त्यानें १९३३ सालीं स्थापन झालेल्या गृहकर्ज संस्थेचे नकाशे पाहावे. मध्यवर्ती सरकारच्याच या संस्थेनें शहरांच्या नकाशांवर रंग भरले. आणि ज्या मोहल्ल्यांत कृष्णवर्णी लोक राहत, त्यांवर धोक्याचा तांबडा रंग चढला. अशा वस्तींत घर बांधण्यास वा घेण्यास कर्ज मिळणें दुरापास्त झालें, आणि उपनगरांतील गोऱ्या कुटुंबांस मात्र सरकारच्या हमीवर सवलतीचीं कर्जें मिळालीं. ज्या घराच्या किंमतीवर पुढें शाळा चालावयाची, तें घरच ज्यास घेऊं दिलें नाहीं, त्याच्या नातवाच्या शाळेंत प्रयोगशाळा कां नाहीं हें विचारणें फुकट आहे. १९५४ सालीं सुप्रीम कोर्टानें वर्णभेदाच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरविल्या खऱ्या. परंतु १९७४ सालीं डेट्रॉइटच्या खटल्यांत त्याच कोर्टानें, पुन्हां पांच विरुद्ध चार मतांनीं, असें ठरविलें कीं, उपनगरांच्या मंडळांचा स्वतःचा अपराध सिद्ध झाल्याखेरीज शहराच्या मंडळाशीं त्यांची सांगड घालतां येणार नाहीं. एका वर्षाच्या अंतरानें झालेल्या या दोन निकालांचा जोड परिणाम विचारवंतांनीं लक्षांत घ्यावा. पहिल्यानें पैसा कुंपणाच्या आंत राहिला, दुसऱ्यानें मुलेंहि राहिलीं.

मध्यवर्ती कोर्टाचें दार बंद झाल्यावर गरीब मंडळांनीं आपापल्या राज्यांच्या घटनांचा आश्रय केला, आणि येथपासून हा इतिहास अधिक बोधप्रद होतो. कारण येथें केवळ न्याय मागून भागत नाहीं, न्यायाचा खर्च कोणीं सोसावयाचा हेंहि ठरवावें लागतें. कॅलिफोर्नियाच्या वरिष्ठ कोर्टानें १९७१ सालींच स्थानिक संपत्तीवर अवलंबून असलेली पद्धति दोषी ठरविली होती. त्या राज्यानें समतेकडे पावलें टाकलीं. पण १९७८ सालीं तेथील मतदारांनीं तेरावा ठराव मंजूर करून घरपट्टी मिळकतीच्या किंमतीच्या शेंकडा एकवर जखडून टाकली. आपला पैसा आपल्या शाळेस मिळत नसेल, तर तो द्यावाच कशास, अशी भावना यास अंशतः कारण झाली असें कांहीं अर्थशास्त्रज्ञ म्हणतात. हा वाद मिटलेला नाहीं. परंतु मनुष्यस्वभाव पाहतां त्यांत तथ्य असावें असें आम्हांस वाटतें. शाळांची विषमता कमी झाली, आणि इतर राज्यांच्या तुलनेनें कॅलिफोर्निया शाळांवरील खर्चांत मागेंहि पडलें.

टेक्सासांत १९८९ सालीं राज्याच्या वरिष्ठ कोर्टानें एकमतानें एजवुडच्या बाजूनें निकाल दिला. रॉड्रिग्ज यांच्या फिर्यादीस तेव्हां एकवीस वर्षें झालीं होतीं. ज्या मुलांसाठीं ती केली तीं संसारास लागलीं होतीं. कायदेमंडळानें कांहीं प्रयत्न फसल्यावर १९९३ सालीं असा कायदा केला कीं, श्रीमंत मंडळांनीं ठराविक मर्यादेबाहेरचें उत्पन्न गरीब मंडळांसाठीं द्यावें. लोकांनीं त्यास ‘रॉबिन हूड’ हें एका इंग्रजी दरोडेखोराचें नांव ठेविलें, यावरून देणाऱ्यांची नाखुषी ध्यानांत यावी. त्यांची तक्रार सर्वस्वीं खोटीहि नाहीं. ऑस्टिन शहरांत जमिनीच्या किंमती वाढल्या म्हणून तें मंडळ हिशोबांत श्रीमंत ठरलें, आणि गरीब मुलांची मोठी संख्या पदरीं असतांहि त्यास सर्वांहून अधिक रक्कम बाहेर द्यावी लागली. मिळकतीची किंमत व कुटुंबाची ऐपत या दोन भिन्न वस्तु आहेत. घरपट्टीच्या मापानें दोन्ही मोजूं गेल्यास असा घोटाळा व्हावयाचाच.

पैशानें शिक्षण सुधारतें काय, असा आक्षेप घेणारे तिकडेहि आहेत. १९६६ सालच्या कोलमन यांच्या प्रसिद्ध अहवालानें घरच्या परिस्थितीचें वजन शाळेच्या साधनांहून अधिक भरतें असें दाखविलें, व त्याचा आधार घेऊन पुष्कळांनीं खर्चाविरुद्ध कंठशोष केला. परंतु कोर्टाच्या निकालांमुळें ज्या मंडळांस अधिक पैसा मिळाला, त्यांतील मुलांचा पुढील आयुष्यक्रम जॅक्सन, जॉन्सन व पर्सिको या तीन अर्थशास्त्रज्ञांनीं तपासला. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणें, बारा वर्षें सतत शेंकडा दहा अधिक खर्च झाल्यास त्या मुलांची प्रौढपणींची मजुरी सुमारें शेंकडा सात वाढते, आणि गरीब घरच्या मुलांस होणारा लाभ याहूनहि अधिक असतो. पैसा कशावर खर्च होतो हें पाहिलेंच पाहिजे. पण पैसा व्यर्थ आहे असें म्हणणारे गृहस्थ आपल्या मुलासाठीं महागाच्या हद्दींतच घर घेतात, हें आम्हांस त्यांच्या युक्तिवादाचें पुरेसें उत्तर वाटतें.

आतां अनेक राज्यांत सरकारी मदतीनें दरी बरीच बुजली आहे. कित्येक ठिकाणीं गरीब मंडळांस दर मुलामागें श्रीमंतांइतकें किंवा किंचित अधिकहि मिळतें. मात्र ज्या मुलास घरीं इंग्रजी येत नाहीं, ज्याचें बिऱ्हाड वर्षांत दोनदां हलतें, त्यास शिकविण्यास खर्चच अधिक येतो. तेथें समान रक्कम म्हणजे समान न्याय नव्हे. शिवाय कायद्यानें एक वाट बंद केली कीं संपत्ति दुसरी शोधते. श्रीमंत वस्तींतील पालक वर्गणी करून निराळे निधि उभारतात, आणि त्यांतून संगीताचा शिक्षक, ग्रंथपाल, मदतनीस ठेवितात. त्या देणगीवर आयकराची सूटहि मिळते, म्हणजे त्या दानाचा कांहीं भाग गरीब वस्तीचा करदाताच भरतो! पोर्टलंड शहरानें यावर कित्येक वर्षें असा नियम चालविला कीं, पहिल्या दहा हजार डॉलरांपुढील वर्गणीचा तिसरा हिस्सा सामाईक निधींत जावा. सँटा मोनिका व मालिबू यांच्या संयुक्त मंडळानें २०११ सालीं शाळेशाळेची वेगळी वर्गणी बंद करून सर्वांची एक करण्याचें ठरविलें, तेव्हां श्रीमंत मालिबूची वेगळें होण्याची मागणी अधिकच जोरावली. टेनेसी राज्यांत मेम्फिस शहराचें मंडळ २०१३ सालीं भोंवतालच्या परगण्याच्या मंडळांत विलीन झालें. पुढच्याच वर्षीं सहा उपनगरें आपापलीं मंडळें घेऊन बाहेर पडलीं.

हीं माणसें दुष्ट आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. आपल्या मुलास चांगलें मिळावें अशी इच्छा धरणाऱ्या बापास कोण दोष देईल? दोष आहे तो ‘आपलीं मुलें’ या शब्दाची हद्द नगरपालिकेच्या नकाशावरून ठरविण्यांत. हवाई राज्यांत सबंध राज्याचें मिळून एकच मंडळ आहे; तेथेंहि श्रीमंत लोक खाजगी शाळांकडे वळतात व सर्व तक्रारी मिटलेल्या नाहींत, परंतु शेजारच्या बेटावरील घर स्वस्त म्हणून तेथील शाळा कंगाल, असें कोणासहि कायद्यानें ऐकून घ्यावें लागत नाहीं.

आम्हां महाराष्ट्रीयांस हा प्रश्न अगदींच परका वाटूं नये. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या अमेरिकन लोकांस अर्पण केलें, आणि १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें त्याच जोतीरावांनीं हें गाऱ्हाणें मांडलें कीं, सरकारचें उत्पन्न येतें मुख्यतः कुणब्याच्या घामांतून, व शिक्षणाचा खर्च होतो वरच्या वर्गांवर. कर कोण देतो आणि शाळा कोणाची उघडते, हा प्रश्न एजवुडच्या पालकांनीं शहाऐशीं वर्षांनीं विचारला तो हाच होय. पुढें कोलंबिया विद्यापीठांत ज्या प्रोफेसर सेलिग्मन यांच्यापाशीं डॉ. आंबेडकर शिकले, ते मिळकतीवरील सरसकट कराचे त्या काळचे अत्यंत कडक टीकाकार होते. आणि आंबेडकरांच्या ज्या ग्रंथास त्यांनीं १९२५ सालीं प्रस्तावना लिहिली, त्याचा विषयहि मध्यवर्ती व प्रांतिक तिजोऱ्यांमधील हिशोब हाच होता.

आज न्यूजर्सींत हजारों मराठी कुटुंबें घरपट्टी भरीत आहेत, आणि त्यांपैकीं पुष्कळांनीं शाळा पाहूनच गांव निवडलेलें आहे. त्याच राज्यांत वरिष्ठ कोर्टानें १९९० सालीं गरीब शहरांतील शाळांस श्रीमंत उपनगरांइतका पैसा देण्यास सरकारास भाग पाडलें, व १९९८ सालीं तेथील तीन-चार वर्षांच्या बालकांसाठींहि शाळा काढविल्या. गरजेप्रमाणें पैसा देण्याचा २००८ सालचा तेथील कायदा पुरा अंमलांत येण्यास २०२४–२५ साल उजाडावें लागलें. तिकडे मध्यवर्ती शिक्षणखातेंच बंद करण्याच्या दिशेनें मार्च २०२५ मध्यें अध्यक्षांचा हुकूम निघाला. १९६५ च्या कायद्यान्वयें गरीब मुलांच्या शाळांस मिळणारी मदत याच खात्याच्या हातून जात आली आहे. ती कमी पडल्यास भार राज्यांवर, व राज्यांवरून पुन्हां घरपट्टीवर येईल. कर वाढविण्याचा प्रसंग आला म्हणजे शाळा-मंडळांच्या सभांत आमचे हे बांधव आपल्या गांवच्या शाळेपुरतेंच बोलतात, कीं नेवार्क व कॅम्डेनच्या मुलांचाहि उल्लेख करितात, इकडे आम्हीं लक्ष ठेविलें आहे.